आर-झिरोत पत्ता आहे की किंमत?

१. हॅश विसरू नका. ८०५१ वर मी इनडायरेक्ट ॲड्रेसिंग पहिल्यांदा वापरलं ते तापमानाच्या १६ रीडिंग्जची सरासरी काढायला. बफर ३०एचपासून. लिहायचं होतं ‘मूव्ह आर-झिरो, हॅश ३०एच’. हातून गेलं ‘मूव्ह आर-झिरो, ३०एच’. असेंब्लर काही बोलला नाही, कारण दोन्ही ओळी त्याच्या लेखी बरोबरच. पहिली ३०एच हा आकडाच रजिस्टरमध्ये ठेवते, दुसरी त्या पत्त्यावर जे असेल ते उचलून आणते. रॅम आधीच पुसलेली, म्हणून आर-झिरोत आलं शून्य. डिस्प्लेवर सरासरीही शून्य. सेन्सर बदलला, वायरी बदलल्या, दोन रात्री गेल्या. शेवटी सिम्युलेटरमध्ये एकेक ओळ चालवली तेव्हा उलगडलं: ००एच हा पत्ता म्हणजे बँक शून्यमधला खुद्द आर-झिरो! पहिलं रीडिंग २८, हेक्समध्ये १सी, पॉइंटरच्याच डोक्यावर जाऊन बसलं आणि उरलेली १५ रीडिंग्ज १डीएचपासून पुढे ओळीने पडली. बफर कोराच. आजही पॉइंटर भरणारी प्रत्येक ओळ मी बोट ठेवून वाचतो.

२. आतल्या रॅमसाठी पॉइंटर दोनच, आर-झिरो आणि आर-वन. ते मोजणीत खर्च करू नका. मोजायला आर-टू ते आर-सेव्हन आहेत.

३. एटी८९एस५२ मध्ये रॅम २५६ बाइट, पण ८०एचपासून वरचे १२८ बाइट फक्त इनडायरेक्टनेच हाती लागतात. ‘मूव्ह ९०एच, ए’ लिहिलंत तर पोर्ट वनच्या पिना हलतात. तेच ९०एच आर-वनमध्ये ठेवून त्यामार्फत लिहिलंत तर रॅमचा बाइट बदलतो. एकाच आकड्याची दोन घरं! स्टॅकही इनडायरेक्टच चालतो, म्हणून मी तो वर नेतो. रिसेटनंतर एसपी ०७एच असतो, पहिला पुश ०८एचवर पडतो, आणि बँक एकचा आर-झिरो नेमका तिथेच राहतो.

४. रॅम पुसायचा लूप मला फार आवडतो. आर-झिरोत ७एफएच, ए मध्ये शून्य. मग आर-झिरोच्या पत्त्यावर ए लिहा आणि डीजेएनझेड. शेवटचं शून्य ०१एचवर पडतं, पॉइंटर ००एच होतो, लूप थांबतो. ००एच वेगळा पुसावाच लागत नाही, तिथे पॉइंटरच शून्य होऊन बसलेला असतो. मात्र स्टॅक खालीच असेल तर हा लूप सबरूटीनमध्ये घालू नका. परतीचा पत्ताही पुसला जातो, रेट थेट ००००एचवर उडी मारतं आणि प्रोग्रॅम पुन्हापुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू होत राहतो.