लेक निघाली ॲलिस स्प्रिंग्जला

प्रश्न : माझी मुलगी नर्स आहे. ऑस्ट्रेलियात ॲलिस स्प्रिंग्जपासून बऱ्याच लांब, एका ॲबोरिजिनल, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांच्या, वस्तीवरच्या दवाखान्यात ती रुजू होणार आहे. तिथे मेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं नाही, असं तिला आधीच बजावलंय. हे काय प्रकरण आहे? आणखी काय सांभाळावं लागेल? — एक आई, सातारा

उत्तर : बजावलंय ते खरं आहे. त्या भागात माणूस गेला की त्याचं नाव बराच काळ, कधी काही वर्षं, कुणी उच्चारत नाही. त्याच नावाचा दुसरा कुणी हयात असेल तर त्यालाही तोवर ‘कुमनजाई’ अशी हाक मारतात. त्यामुळे दारात उभं राहून केसपेपरवरचं नाव मोठ्याने पुकारायची आपली सवय तिथे अंगाशी येऊ शकते. नवऱ्याचं नाव उखाण्याशिवाय न घेणाऱ्या आज्या ज्यांनी पाहिल्यात, त्यांनी याचं फार नवल करू नये.

दुसरं, सासू आणि जावई. ते एकमेकांशी बोलत नाहीत, समोरासमोर येणंही टाळतात. बाकावर सासू बसलेली दिसली की जावई बाहेरच्या बाहेर निघून जातो आणि नव्या नर्सला वाटतं, पेशंट पळाला! त्या भागातल्या वार्लपिरी लोकांत तर प्रत्येक जण जन्मतः आठ गटांपैकी एकात असतो. पुरुषांची गटनावं ‘ज’ने सुरू होतात, बायकांची ‘न’ने, जाकामाराची बहीण नाकामारा. कुणी कुणाशी कसं वागायचं हे त्यावर ठरतं. बाहेरून येऊन रमलेल्यांनाही कधी असं नाव देतात, पण ते मागून घ्यायचं नसतं.

खरी अडचण मात्र ‘हो’ची आहे. इंग्रजी तिथल्या अनेकांची तिसरी-चौथी भाषा. ‘गोळ्या घेतल्या ना?’ म्हटलं की ‘हो’ येतं, आणि ते बऱ्याचदा विषय मिटवण्यापुरतं असतं. त्याला कारणंही आहेत. साधारण 1910 ते 1970 या काळात सरकार आणि मिशन यांनी असंख्य मुलं आयांपासून तोडून नेली. संसदेत त्याची माफी मागितली गेली ती थेट 13 फेब्रुवारी 2008 रोजी. सरकारी माणसासमोर हो ला हो म्हणून सुटका करून घेणं लोक अनुभवाने शिकले. तेव्हा लेकीने ‘काल रात्री काय काय घेतलंत?’ असं विचारावं आणि मग गप्प बसावं. उत्तराला वेळ लागतो. मधली शांतता भरून काढायची आपल्याला फार घाई!

दुभाषी मागायला लाजू नये. दवाखान्यातल्या ॲबोरिजिनल हेल्थ वर्करला हाताखालचा माणूस समजू नये. कोणत्या बाईशी कुणी बोलायचं, पुरुषांची कोणती तपासणी पुरुषानेच करायची, हे त्यालाच ठाऊक असतं. ॲबोरिजिनल लोकांनी स्वतःचे दवाखाने 1971 पासून, सिडनीतल्या रेडफर्नपासून, चालवून दाखवलेत. म्हणजे आपली लेक अडाण्यांना शहाणं करायला निघालेली नाही, हे नातेवाइकांनाही सांगा.

तिच्याकडे तिथल्या मुलांचे फोटो मात्र मागू नका. भेटायला जाणार असाल तर परवान्याची आधी चौकशी करा. ती जमीन त्यांची आहे, 1976 च्या कायद्याने, आणि तिथे शिरायला अनेकदा परवाना लागतो. जून-जुलैत जा, स्वेटर न्या. वाळवंट असलं तरी तिथे रात्री पारा शून्याखाली उतरतो.