एक जोडणी, दोन संगणक : दोष शोधावा कोठे?

रायपूर शहरात नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून मराठी कुटुंबे नांदत आहेत. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य अस्तित्वात आले, रायपूर राजधानी झाले आणि तेलीबांधा तलावाचा परिसर पाहता पाहता गजबजून गेला. या भागातील एखाद्या मराठी घराचे उदाहरण घ्यावे. खालच्या मजल्यावर जुना संगणक, वरच्या खोलीत मुलीचा लॅपटॉप आणि दोहोंना मिळून इंटरनेटची एकच जोडणी. परीक्षेचे शुल्क भरण्याचा अखेरचा दिवस उजाडतो आणि नेमके त्याच दिवशी लॅपटॉपवर काहीच उघडत नाही. घरात धांदल उडते. राउटर दोन-चार वेळा बंद-चालू केला जातो, तारा उपसल्या जातात आणि चालू असलेला खालचा संगणकही बंद पडतो!

या धांदलीत एक साधी गोष्ट नजरेआड होते. एक संगणक चालत होता, त्याअर्थी रस्त्यावरून घरापर्यंत येणारी जोडणी शाबूत होती. दोष होता तो राउटर आणि दुसरा संगणक यांच्या दरम्यान. अशा वेळी कंपनीकडे तक्रार केल्यास 'लाइन तो ठीक है' असे उत्तर मिळते आणि ते खरेही असते. दोन्ही संगणक एकदमच बंद पडले तर मात्र कंपनीकडे धाव घ्यावी. फायबरच्या जोडणीत 'लॉस' नावाचा दिवा लाल झाला असेल, तर प्रकाशाचा संकेतच घरापर्यंत पोहोचत नाही, हे तत्काळ समजते.

घरातील दोष शोधताना प्रथम संगणकाचा पत्ता पाहावा. जोडणीतील प्रत्येक यंत्राला अंकांचा एक पत्ता असतो आणि घरात तो बहुधा राउटर वाटून देतो. हे पत्ते सामान्यतः १९२.१६८ या अंकांनी सुरू होतात. ही मालिका खासगी वापरासाठी राखून ठेवलेली असल्याने हजारो घरांत तेच अंक असूनही गोंधळ होत नाही. विंडोजमध्ये 'आयपीकॉन्फिग' ही आज्ञा दिली की पत्ता दिसतो. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर संगणकाने पत्ता मागितला, उत्तर आले नाही, म्हणून त्याने स्वतःच एक धारण केला, असा अर्थ होतो. मग तार सैल आहे का, वाय-फायचा पासवर्ड बदलला आहे का, हे तपासावे. रायपूरच्या मे महिन्यात आणखी एक कारण संभवते. राउटर आणि लॅपटॉप यांच्या मध्ये पाण्याने भरलेला लोखंडी कूलर असला, तर धातू व पाणी दोन्ही वाय-फायच्या लहरींना अडवतात. कूलर हलविणे अवघड; राउटर हलवावा.

पत्ता ठीक असेल, तर 'पिंग' या आज्ञेने जवळून दूर जावे. आधी राउटरला हाक द्यावी, मग ८.८.८.८ या बाहेरच्या पत्त्याला, शेवटी एखाद्या संकेतस्थळाच्या नावाला. राउटर उत्तर देतो पण बाहेरून उत्तर येत नाही, तर अडथळा राउटरच्या पलीकडे जाण्यात आहे. अंकांना उत्तर येते पण नावाला येत नाही, तर नावांवरून अंक शोधून देणारी यंत्रणा, म्हणजे डीएनएस, बिघडलेली असते. घरातील दुसऱ्या संगणकाने मात्र हाकेला ओ दिली नाही म्हणून घाबरू नये. पुष्कळदा त्याची फायरवॉलच उत्तर देऊ देत नाही. तेवढ्यासाठी फायरवॉल कायमची बंद करून ठेवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. ज्या संगणकावरून बँकेचे व्यवहार होतात, त्यावर असे करणे म्हणजे किल्ली हरवली म्हणून दारच काढून ठेवणे होय.

काही घरांत राउटर नसतो; एका संगणकाची जोडणी तारेने दुसऱ्याला दिलेली असते. ही सोय विंडोजमध्ये १९९९ साली, 'विंडोज ९८ सेकंड एडिशन'मध्ये आली. येथे पहिला संगणक झोपला की दुसराही उपाशी राहतो. जुन्या विंडोजमध्ये वाटप करणारा संगणक स्वतः १९२.१६८.०.१ हा पत्ता घेत असे. कंपनीच्या मोडेमचाही पत्ता हाच असला, की कोणता निरोप आत पाठवायचा आणि कोणता बाहेर, हे त्या बिचाऱ्याला उमगत नसे. सारे दिवे हिरवे, तारा नव्या, तरी इंटरनेट बंद, अशा कोड्याचे उत्तर बरेचदा येथे सापडे. विंडोज ७ पासून हा पत्ता १९२.१६८.१३७.१ असा झाला आणि ही टक्कर बहुतांशी टळली. विंडोज १० मध्ये संगणक पुन्हा सुरू केल्यावर वाटप खुंटल्याचे आढळते. तेव्हा वाटपाची खूण काढून पुन्हा करावी.

एक चकवा खास बँकेच्या ग्राहकांसाठी. जुन्या संगणकातील बटणासारखा सेल संपला, की त्याचे घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते. मग बँकेचे पान 'प्रमाणपत्र वैध नाही' असे बजावते आणि दुसऱ्या संगणकावर तेच पान बिनतक्रार उघडते. येथे जोडणीचा दोष नसतो. तारीख सुधारावी, सेल बदलावा. तारीख बरोबर असूनही इशारा येत असेल, तर तो डावलून पुढे जाऊ नये.

शुल्काची मुदत त्याच दिवशी संपत असेल, तर दुरुस्ती उद्यावर टाकून स्वतःच्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून भरणा करावा. तलावाकाठच्या एखाद्या उघड्या वाय-फायवरून नव्हे. पैसे भरताना मध्येच जोडणी तुटली, तर ते बटण पुन्हा दाबू नये. आधी खात्याचा उतारा पाहावा. रक्कम वजा झालेली नसेल तरच दुसरा प्रयत्न करावा. वजा झाली असेल, तर व्यवहार क्रमांक टिपून शुल्क घेणाऱ्या संस्थेच्या पानावर भरण्याची नोंद शोधावी. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार, कार्डाने वा यूपीआयने व्यापाऱ्याला केलेल्या भरण्यात खात्यातून पैसे गेले पण पुष्टी पोहोचली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांच्या आत ते आपोआप परत जमा व्हावयास हवेत; त्यापुढील विलंबासाठी दर दिवशी १०० रुपये भरपाई ठरविण्यात आली. ही रक्कम ग्राहकाने न मागताही खात्यात जमा करावयाची असते.