चढाचा गिअर आणि दातांचा हिशेब

बजाजनगरातून निघून साजापूर, करोडी, शरणापूर अशा मार्गाने दौलताबादच्या रस्त्याला लागले, म्हणजे देवगिरीच्या पायथ्यापर्यंत सायकलस्वारास विशेष श्रम पडत नाहीत. परंतु किल्ला मागे टाकून तटबंदीतील दगडी दरवाज्याकडे घाट चढू लागताच सपाटीवर सहज धावणारी सायकल जड होते, आणि कागजीपुरा ओलांडून खुलताबादेस पोहोचल्यावर ज्यास पुढे म्हैसमाळ गाठावयाचे असते त्याची खरी परीक्षा तर तेथून सुरू होते. शहराची उंची समुद्रसपाटीपासून पाचशे सत्तर मीटरांच्या आसपास, आणि म्हैसमाळची सुमारे १०६७ मीटर. म्हणजे एका सकाळीत जवळजवळ अर्धा किलोमीटर उभी उंची स्वतःच्या पायांनी चढावयाची. या वाटेवर उतरून सायकल ढकलणारे पुष्कळ तरुण मी पाहिले आहेत, आणि त्यांतील बहुतेकांनी ‘पाय कच्चे आहेत’ हाच निष्कर्ष काढलेला असतो. तो निष्कर्ष पुष्कळदा खोटा असतो, हे मला येथे आग्रहाने सांगावयाचे आहे.

वाळूजच्या औद्योगिक क्षेत्रात १९८५ साली बजाजचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या आधाराने लहानमोठे सुटे भाग करणारे कारखाने उभे राहिले. त्यांपैकी एकात गिअर कापणाऱ्या यंत्रांवर माझा उमेदीचा काळ गेला. त्यामुळे सायकलीचा चढ जड जाऊ लागला तेव्हा प्रथम दात मोजावे, हे मला स्वाभाविकच सुचले. माझी सायकल जुनी, शर्यतीसाठी घडवलेली. पुढे ५३ आणि ३९ दातांच्या दोन चकत्या, मागील कॅसेटमध्ये सर्वांत मोठी चकती २५ दातांची. ३९ ला २५ ने भागले असता १.५६ येतात, आणि चाकाचा परीघ सुमारे २.१ मीटर धरल्यास पायडलाच्या एका फेऱ्यात सायकल ३.३ मीटर पुढे जाते. घाटात ताशी नऊ किलोमीटरांचा वेग धरला तर मिनिटाला जेमतेम ४६ फेरे पडतात. म्हणजे प्रत्येक फेऱ्यास पाय जणू जाते ओढीत असतो, आणि त्याचा मोठा ताण गुडघ्यावर येतो. याच चढावर पुढे ३४ आणि मागे ३२ दात असते, तर एका फेऱ्यात सायकल २.२ मीटरच सरकली असती, त्याच वेगाला ६७ फेरे पडले असते, आणि प्रत्येक फेऱ्यातला जोर जवळजवळ एकतृतीयांशाने कमी झाला असता. घाट तोच, वजन तेच, चढण्याचे एकूण कार्यही तेवढेच. फक्त ते अधिक फेऱ्यांत विभागले गेले. गुडघेदुखीस प्रारंभ झाल्यावर मी जी तजवीज करावयास घेतली, तिचे मूळ या साध्या भागाकारात आहे.

हलका गिअर हे दुबळ्याचे साधन, असे मानणाऱ्यांची परंपरा जुनी आहे. फ्रान्समध्ये सेंत-एतियन येथील पॉल द व्हिव्ही, जे ‘व्हेलोसिओ’ या नावाने लिहीत, त्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून बदलत्या गिअरांचा हिरिरीने पुरस्कार केला. तथापि ‘टूर द फ्रान्स’ने १९१० पासून स्वारांना पिरेनीजच्या पर्वतराजीत नेऊनही डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारी यंत्रणा, वापरण्याची मुभा दिली ती १९३७ साली. व्हेलोसिओ त्यापूर्वीच, १९३० मध्ये, निवर्तले होते. आज त्याच शर्यतीतील कसलेले स्वार अवघड घाटांसाठी मोठ्या कॅसेट लावून घेतात. मग आपण आठवड्याच्या सुट्टीस म्हैसमाळ चढणाऱ्यांनी संकोच का बाळगावा?

आता सावधगिरीच्या गोष्टीकडे येतो. शहरातील एका दुकानदाराने माझ्या सायकलीस ३२ दातांची कॅसेट बसवून दिली. दुकानात सायकल उचलून धरून पायडल फिरवले, तेव्हा चेन लहान चकतीवर सुरळीत चालली आणि मामला मिटला असे वाटले. परंतु मागील डिरेलर आखूड पिंजऱ्याचा, म्हणजे चेन ताणून धरणारा खालचा भाग आखूड असलेला होता, त्याची मर्यादा २७ दातांची होती, आणि जुनी, २५ दातांच्या मापाने तोडलेली चेन तशीच ठेवण्यात आली होती. दौलताबादच्या घाटाच्या तोंडाशी पुढे चेन अद्याप मोठ्या चकतीवर असताना मी मागे ती सर्वांत मोठ्या चकतीवर टाकली. चेन तारेसारखी ताणली गेली, डिरेलर ज्यावर टांगलेला असतो ती लहानशी पट्टी वाकून मोडली, आणि डिरेलर मागच्या चाकाच्या आऱ्यांत शिरला. वेग चढामुळे मंद होता म्हणून अंगावर काही बेतले नाही. सायकल टेम्पोत घालून बजाजनगरास आणावी लागली, आणि कॅसेटच्या किमतीपेक्षा दुरुस्तीचा खर्च अधिक झाला.

म्हणून ज्यास चढासाठी हलका गिअर हवा आहे, त्याने कॅसेटची किंमत विचारण्यापूर्वी डिरेलरच्या दोन मर्यादांची खातरजमा करावी. पहिली, तो जास्तीत जास्त किती दातांची चकती सांभाळतो. दुसरी, तो एकूण किती ढिली चेन आवरू शकतो. दुसरीचा हिशेब असा की पुढील दोन चकत्यांमधील फरक आणि मागील मोठ्या व लहान चकतीमधील फरक यांची बेरीज करावयाची: ५०/३४ आणि ११–३२ असल्यास १६ अधिक २१, म्हणजे ३७. शिमानोच्या १०५ श्रेणीतील आर ७००० मालिकेत आखूड पिंजरा ३० दातांपर्यंत, तर मध्यम पिंजरा ३४ पर्यंत चालतो. एकाच नावाच्या दोन वस्तूंत एवढे अंतर असते.

पुढील चकती लहान करण्याचा मार्गही आहे, पण तो प्रत्येक सायकलीस खुला नसतो. माझ्या जुन्या पाच बाहूंच्या क्रँकवर बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास १३० मिलिमीटर होता, आणि त्यावर ३८ हून लहान चकती बसतच नाही; ३४ साठी ११० मिलिमीटरांचा क्रँक घ्यावा लागला. मागे मी माउंटन सायकलीचा, नऊ गिअरांच्या पिढीतला लांब पिंजऱ्याचा डिरेलर लावला, कारण रस्त्याच्या सायकलीवरील जुन्या दहा गिअरांच्या शिमानो शिफ्टरांशी त्याचे जमते. माउंटन सायकलीचा दहा गिअरांचा डिरेलर मात्र त्याच शिफ्टरांशी जमत नाही, कारण तारेच्या ओढीचे प्रमाण निराळे आहे. टिआग्रा ४७०० ची ओढही जुन्या दहा गिअरांच्या सामानाशी जुळत नाही. गिअरांची संख्या सारखी म्हणून सुटा भाग चालेलच, हा समज अनेकांना महागात पडतो. ज्यांची सायकल स्वस्तातली आणि सात गिअरांच्या, आट्यांवर फिरवून बसणाऱ्या फ्रीव्हीलची आहे, त्यांस १४–३४ चे फ्रीव्हील अल्प खर्चात मिळते. २४ वरून एकदम ३४ वर उडी पडते खरी, पण घाटात ती सोसते.

चेन नवी घ्यावी आणि तिची लांबी ठरवताना ती डिरेलरमधून न घेता पुढील व मागील सर्वांत मोठ्या चकत्यांवरून फिरवून वर दोन कड्या अधिक ठेवाव्या. बसवल्यावर मोठ्या-मोठ्या जोडीवर पायडल हाताने सावकाश फिरवून पाहण्याचा शिरस्ता कोणत्याही दुकानात चुकू देऊ नये. पिंजरा पूर्ण ताठ होत असेल तर चेन आखूड आहे.

डिरेलरचा क्रमांक बहुधा त्याच्या आतल्या बाजूस कोरलेला असतो. तो उतरवून घ्यावा, निर्मात्याच्या तपशीलपत्रकातील मर्यादांशी ताडून पाहावा, आणि जो दुकानदार हा दाखला समोर ठेवण्याची तसदी घेणार नाही, त्याच्याकडून कॅसेट घेऊ नये.