कानस खाचेवर नको, साइटवर चालवा

परवानाधारक बंदूक दुरुस्तीत साइट बसवणे हे काम दिसायला लहान, पण कारागिराची परीक्षा पाहणारे आहे. कानशीने गेलेले लोखंड परत येत नाही. नळीवरची खाच सैल झाली तर गिऱ्हाइकाची महागडी नळी बिघडते आणि दुकानाचे नावही जाते. म्हणून पहिला नियम आम्ही असा सांगू: खाचेला हात लावू नये, बदलता येणारा साइटचा पाय घासावा.

कानस कोणती घ्यावी? बास्टर्ड कानस फार लोखंड ओढते, ती येथे नको. सेकंड कटने सुरुवात करून स्मूथने शेवट करावा. डव्हटेल खाच वर अरुंद व तळाशी रुंद असते. म्हणून पायाच्या तिरप्या काठासाठी तिकोनी कानस लागते. तिची एक बाजू ग्राइंडरवर, वारंवार पाण्यात बुडवून, बिनदाती करावी. ती बाजू साइटच्या अंगाकडे ठेवली म्हणजे फक्त तिरपा काठ कापला जातो.

साइट व्हाइसमध्ये धरताना तांब्याचे पत्रे लावावेत. कानस पुढे ढकलताना दाब द्यावा, मागे घेताना उचलावी. दातांना खडू लावल्यास कीस अडकत नाही. पायाला शाई लावून खाचेत घालून पाहावे. शाई पुसली गेली तेवढेच घासावे. अंगठ्याने साइट अर्धा आत गेला की थांबावे. उरलेला पितळी पंचाने ठोकावा.

आता उंची. गोळी खाली लागत असेल तरच पुढचा साइट घासावा. वर लागत असेल तर तो घासल्याने चूक वाढते. तेथे उंच साइटच हवा. किती घासावे याचा हिशेब सोपा आहे: चूक गुणिले दोन साइटमधील अंतर, भागिले निशाणाचे अंतर. ५० मीटरवर गोळी ५० मिलिमीटर खाली आणि साइटमधील अंतर ६०० मिलिमीटर असेल, तर ०.६ मिलिमीटर. आधी ०.४ घासून चाचणी घ्यावी, मग उरलेले.

आणखी एक गोष्ट विसरू नये. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे बंदुकीच्या दुरुस्तीलाही परवाना लागतो. हात कितीही सफाईदार असला तरी परवान्याशिवाय हे काम दुकानात घेऊ नये.