झाडं मोजायला पुण्याला कशाला?

आमच्या थोरलीनं पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी कणीक मळत होते आणि निम्मं लक्ष कुकरच्या शिट्ट्यांकडं होतं. "मम्मी, दोन महिने पुण्याला इंटर्नशिप आहे. झाडं मोजायची." मी मान वर न करता म्हणाले, "झाडं मोजायला पुण्याला कशाला? आपल्या बांधावर आहेत की, मोज."

ती हसली नाही. ओढणी खुंटीला अडकवली आणि आत गेली.

आपण सगळ्याच असं करतो. लेकरू चार दिवस मनात वाक्य जुळवतं, आपला मूड बघतं, पप्पा दुकानातून यायच्या आधीची वेळ साधतं. आणि आपण शिट्ट्या मोजता मोजता उत्तर देऊन मोकळ्या होतो. वाईट हेतू नसतो हो. दमलेलो असतो इतकंच. पण तिला ते कसं कळणार?

आपल्या परंड्यात बारावीनंतरच्या वाटा ठरलेल्या. हुशार असेल तर लातूरला नीटचा क्लास, नाहीतर पोलीस भरती, नाहीतर एमपीएससीच्या पुस्तकांचा गठ्ठा. शेजारच्या ताईंचा मुलगा लातूरला आहे. दळणाला गेलं की विचारतात, "तुमची काय करते?" बीएस्सीला आहे, वनस्पतिशास्त्र घेतलंय, इथवर मी सांगायचे. पुढचं तोंडातून निघायचं नाही. लाज माझी होती, राग मात्र तिच्यावर काढला.

आणि भीतीही होती. किल्ल्यावरची मुलुखमैदान तोफ आपल्याकडून विजापूरला गेली ती 1632 मध्ये, ती काही परत आली नाही. आमचे हे थट्टेनं म्हणतात, परंड्यातून जे मोठं होतं ते बाहेरच राहतं. थट्टा असली तरी आईच्या पोटात गोळा येतोच.

मग एका रात्री लाइट गेली, टीव्ही बंद. अंगणात लिंबाखाली बसलो, तेव्हा तिनं नीट समजावून सांगितलं. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. शहरातल्या झाडांसाठी महाराष्ट्रात 1975 पासून कायदा आहे म्हणे. महापालिका असो की नगरपरिषद, वृक्ष प्राधिकरण हवं, दर पाच वर्षांनी झाडांची गणना हवी. 2021 मध्ये त्यात बदल झाला. पन्नास किंवा त्याहून जास्त वर्षांचं झाड आता वारसा वृक्ष. आणि झाड तोडावंच लागलं, तर त्याचं जेवढं वय, तेवढी नवी झाडं लावायची.

"मग मम्मी, वय कुणीतरी सांगायला नको का?" ती म्हणाली. जमिनीपासून साधारण साडेचार फुटांवर टेप लावून घेर घ्यायचा, नाव लिहायचं, खोड पोकळ आहे का बघायचं, कीड बघायची, बुंध्याभोवती सिमेंट आवळलंय का, खिळे ठोकलेत का ते नोंदवायचं. पावसाळ्याआधी कुठली फांदी काढायची आणि कुठली राहू द्यायची, हे ठरवायलाही शिकलेलं माणूस लागतं. नाहीतर कुऱ्हाडवाला येतो आणि अर्धं झाड भुंडं करून जातो. हे तर मी डोळ्यांनी बघितलंय.

खिळ्यांचं बोलताना तिनं दारातल्या लिंबाकडं बघितलं आणि गप्प बसली. आमच्या किराणा दुकानाची पाटी त्याच लिंबाला ठोकलेली आहे. मला तेव्हा लक्षात आलं नाही.

एक कबूल करते. त्याआधी ती एका शहरात महिनाभर एका संस्थेत जाऊन आली होती. तिथं तिला बॅनर धरून फोटोला उभं करायचे, रजिस्टर उतरवून काढायला द्यायचे. रोप हातात आलं ते एकदाच, तेही पाहुण्यांच्या हातात द्यायला. घरी आली तेव्हा चेहरा उतरलेला. आणि मी काय म्हणावं? "सांगितलं होतं ना!"

हे तीन शब्द आपण फार सहज वापरतो. त्या दिवशी तिनं जेवताना मान वर केली नाही. तिला तिचं चुकलं हे माहीत होतंच, माझ्याकडून ऐकायची गरज नव्हती. नुसती ताटात भाकरी वाढली असती आणि "पुढच्या वेळी काय विचारायचं ते बघू" एवढं बोलले असते, तर पुण्याचं सांगायला तिला चार दिवस लागले नसते.

म्हणून या वेळी आम्ही दोघींनी मिळून पुण्याच्या इंटर्नशिपवाल्यांना फोन केला. बोलली ती, मी शेजारी बसले. कामाचं पत्र देणार का, रोज काय करायचं, कुणाच्या हाताखाली, राहायची सोय कुठं, उन्हात चक्कर आली तर कोण बघणार. शेवटी पैशाचं. जाण्यायेण्याचा आणि जेवणाचा खर्च मिळेल, वर फार काही नाही, असं ते सरळ बोलले. सरळ बोलले म्हणून मला बरं वाटलं. उलट इंटर्नशिपसाठी कुणी आपल्याकडंच आधी हजारो रुपये मागत असेल, तर मात्र दोनदा विचार करा.

पैशाचा विषय आपल्यासारख्या घरात सोडून देता येत नाही. 2024 मध्ये सरकारनं मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली, तेव्हा बारावीला महिना 6 हजार, आयटीआय-पदविकेला 8 हजार आणि पदवीधराला 10 हजार विद्यावेतन होतं. सहा महिन्यांचं काम, पुढं पाच महिने वाढवलं. किती पोरं हरखली होती! आणि मुदत संपल्यावर तेवढीच हिरमुसली, कारण घरच्यांनी त्याला नोकरीच समजून पेढे वाटले होते. पोरांपेक्षा आपणच घाई करतो. प्रशिक्षण म्हणजे प्रशिक्षण. काम कळतं, ओळखी होतात, आपल्याला हे जमतं की नाही हे समजतं. "जमत नाही" हे दोन महिन्यांत समजलं, तर तेही स्वस्तातच पडलं म्हणायचं.

पुणंच हवं असंही नाही. संभाजीनगरला वाल्मी आहे, जल आणि भूमी व्यवस्थापनाची संस्था, 1980 पासूनची. परभणीचं कृषी विद्यापीठ आहे. वनशास्त्राची पदवी हवी असेल तर दापोलीला कॉलेज आहे. सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेत जाऊन पिशव्या भरण्यापासून सुरुवात करता येते. कृषिदूत आणि कृषिकन्या आपल्या गावात येऊन राहतात, ते दुसरं काय आहे? आपण त्यांना कौतुकानं चहा पाजतो. आपल्या पोरीनं तेच करायचं म्हटलं की मात्र, "उन्हात काळी पडशील."

अहो, वनरक्षक भरतीत मुलींना चार तासांत 16 किलोमीटर चालून दाखवावं लागतं. तिथं रंग कोण विचारतंय?

या वाटेवरून आपल्या भागातली माणसं आधी गेलेली आहेत. मारुती चितमपल्ली सोलापूरचे. कोइमतूरच्या वन महाविद्यालयात शिकले, आयुष्यभर रानात नोकरी केली, पुस्तकं लिहिली, 2025 मध्ये पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी सोलापुरातच गेले. त्यांच्या घरातही कुणीतरी "रानात काय ठेवलंय" म्हणालंच असेल, असं आपलं मला वाटतं.

पुण्याला जायच्या आधी कॉलेजच्या सरांबरोबर ही मुलं नान्नजला गेली होती, माळढोक अभयारण्यात. रात्री फोन आला. "मम्मी, सगळीकडं झाडं लावायची नसतात." मी म्हटलं, आता हे काय नवीन? तर माळढोकाला मोकळा माळ लागतो. काळवीट, लांडगा, सगळे गवतावरचे. तिथं दाट झाडी उभी केली तर त्यांचं घरच मोडतं. आपण ज्याला पडीक म्हणतो ते पडीक नसतं. कुठली जमीन कशासाठी, हे आधी बघायचं आणि मग खड्डा खणायचा.

मी आयुष्यभर माळाकडं "काही उगवत नाही तिथं" म्हणून बघत आले. तिचा आवाज इतका मोकळा होता, की भाजी करपली तरी मी फोन ठेवला नाही.

आता ती पुण्यात आहे. रोज रात्री फोन करावासा वाटतो, करतेही. पण "पर्मनंट होणार का?" हे विचारायचं मी बंद केलंय. अगदी जिभेवर येतं, गिळते. त्याऐवजी विचारते, आज कुठलं झाड भेटलं? मग ती दहा मिनिटं बोलते. वड, पिंपळ, आणि ते परदेशातून आलेले पर्जन्यवृक्ष. मला निम्मं कळत नाही. पण जेवली का, खोलीवरच्या मुलींशी पटतं का, घाबरली होती का, हे सगळं त्या दहा मिनिटांतच मधेमधे सांगून जाते. वेगळं विचारावं लागत नाही. तुम्हीही करून बघा.

तिच्या पप्पांनी अजून तोंडानं काही म्हटलेलं नाही. आमच्याकडं पुरुष माणसं म्हणत नाहीत. मागच्या रविवारी मात्र त्यांनी पक्कड घेतली, लिंबावरची दुकानाची पाटी उतरवली आणि सहाही खिळे उपटून काढले. पाटी आता शटरच्या वर तारेनं बांधली आहे.