बरं वाटलं तरी गोळी रोज

"आता बरं वाटतं, मग गोळी कशाला?" असं पुष्कळ जण आम्हाला विचारतात. याचं उत्तर आपण शेतात शोधू.

हरळी वरवर खुरपली की रान स्वच्छ दिसतं. पण मुळं जमिनीत असतात. खुरपणी थांबली की हरळी पुन्हा माजते. एच.आय.व्ही.चंही तसंच आहे. हा विषाणू रोगाशी लढणाऱ्या पेशी मारतो. एआरटीच्या गोळ्या त्याला वाढू देत नाहीत. पण तो अंगात दडून राहतो. गोळी बंद झाली की तो पुन्हा वाढतो. वरचेवर गोळी चुकली, तर तो औषधाला जुमानेनासा होतो.

म्हणून गोळी रोज, ठरल्या वेळी घ्यावी. चुकलीच, तर आठवताच घ्यावी. दुसऱ्या दिवशी दोन एकदम घेऊ नयेत. त्रास झाला तर डॉक्टरांना सांगावं. आपल्या मनाने गोळी सोडू नये.

ऊसतोडीला निघालात? आधी एआरटी केंद्रात सांगा. पुरतील इतक्या गोळ्या मागा, किंवा कामाच्या गावाजवळचं केंद्र विचारून ठेवा. सरकारी केंद्रांत ही औषधं २००४ सालापासून फुकट मिळतात.

गोळी नेमाने घेतली की पुढे तपासणीत रक्तात विषाणू दिसेनासा होतो. तो तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. म्हणजे एक गोळी दोघांना राखते.

काही शंका असली तर १०९७ या क्रमांकावर फोन करा. त्याला पैसे पडत नाहीत.