समुद्राच्या पाण्याची पारख

समुद्राचे पाणी गढूळ आहे की निर्मळ, हे कोणीही सांगेल. परंतु किती गढूळ, हे आकड्यांत सांगावयाचे कसे? रोमचे ज्योतिषशास्त्रज्ञ फादर आंजेलो सेक्की ह्यांनी १८६५ साली पोपच्या आरमारातील एका जहाजावर ह्याचा प्रयोग केला. ताऱ्यांच्या प्रकाशाचे पृथक्करण करणाऱ्या ह्या येशूसंघीय धर्मगुरूंनी भूमध्य समुद्रात पांढरी तबकडी दोरीने सोडली, एवढेच! ती दिसेनाशी होताच खोली मोजावी, वर ओढताना पुन्हा दिसू लागताच मोजावी, व दोहोंची सरासरी काढावी. हे काम भर दुपारी, जहाजाच्या सावलीच्या बाजूस चांगले साधते.

सांडपाणी समुद्रात शिरले की त्यावर सूक्ष्म वनस्पती बेसुमार वाढतात व तबकडी लवकर लुप्त होते. पुढे त्या कुजताना पाण्यातील प्राणवायू खर्ची पडतो आणि मासे गुदमरतात. पावसाळ्यात मात्र आपल्या कोकणच्या खाड्या नद्यांच्या मातीनेही गढूळतात. तो सर्व दोष मनुष्याच्या माथी मारणे आम्हांस रास्त वाटत नाही.

तथापि तबकडी खोल दिसली म्हणून पाणी शुद्ध समजणे धोक्याचे होय. रोगजंतू किंवा विरघळलेला पारा डोळ्यांस दिसत नाही; त्यासाठी बाटलीत नमुना भरून प्रयोगशाळेतच न्यावा लागतो.

२०१३ साली सुरू झालेल्या एका अभ्यासासाठी देशोदेशींच्या हौशी नाविकांनीही अशी मापे घेतली. ३० सेंटिमीटर व्यासाची पांढरी तबकडी, खाली वजन व खुणा केलेली दोरी, एवढे साहित्य त्यांस पुरले.